परतीची तार

धायरीत, फरशी कापायच्या कारखान्याला लागून
पत्र्याच्या शेडमध्ये शिडाची होडी उभी आहे, अकरा वर्षं,
लाकडी ठोकळ्यांवर.
समुद्र घाटाच्या पलीकडे.

निगुडकर म्हणाले, वायरिंग तेवढं राहिलंय.
मी म्हणाले, मी रिक्षांचं करते,
नाना पेठेत, अण्णांच्या टपरीत, अण्णांच्याच स्टुलावर.
ते म्हणाले, बारा व्होल्ट तिथेही, बारा व्होल्ट इथेही.
एवढंच खरं निघालं.

पहिल्या दिवशी दिव्याला एक तार दिली
आणि सवयीने दुसरीसाठी बॉडीवर स्क्रू शोधत राहिले.
रिक्षात पत्राच निगेटिव्ह. वीज जाते तारेतून,
येते मडगार्डातून, चासीतून, कुठूनही, तिची ती.
अण्णा म्हणायचे, पाठवायचं काम आपलं,
घरी ती आपोआप येते.
इथे पत्रा नाही. फायबरवर टकटक केलं.
मुकं.
जाणाऱ्या प्रत्येक तारेला परतीची तार वेगळी,
तिच्याइतकीच जाड, तिच्याइतकीच लांब.

मग सगळं दुप्पट मोजायला लागले.
डोलकाठीच्या टोकाचा दिवा:
अकरा मीटर जाणं, अकरा मीटर येणं.
खालून बारा निघाले तर वर साडेअकरा पोचतात,
बाकीचे वाटेत सांडतात.
तार जाड घ्या, कमी सांडतील.

तापकीर गल्लीत कथिल चढवलेली तार मागितली.
कल्हईची? दुकानदार हसला.
भांड्यांची बंद झाली, आता वायरींची का?
तिसऱ्या दुकानात मिळाली. सोलली
तर तांबं आत चांदीसारखं.
उघड्या तांब्याला खारी हवा हिरवं करून खाते,
असं निगुडकर सांगतात.
त्यांनीही ते वाचलेलंच आहे.

बॅटऱ्या दोन.
एक घरची: दिवे, पंखा, रेडिओ, फोन.
दुसरी इंजिनाची, तिला कोणी हात लावायचा नाही.
माझ्या आत्याचं पोस्टातलं खातं असंच होतं,
तिच्या नवऱ्याला शेवटपर्यंत कळलं नाही.
मीटरवर बारा पूर्णांक सहा म्हणजे पोट भरलेलं.
बारा दोन म्हणजे निम्मं.
आणि बरोब्बर बारा उरले,
की समजा बारा वाजले.

खाली पंख्याजवळ जस्ताचा एक ठोकळा.
पाण्यात पंख्याआधी त्याने झिजायचं, त्यासाठीच बसवलाय.
वर्षाने काढून बघायचा.
झिजला असेल तर सगळं ठीक.
नव्याचा नवा दिसला, तर कुठेतरी तार सुटलीय
आणि खाल्लं जातंय दुसरंच काहीतरी.
हे निगुडकरांनी दोनदा सांगितलं,
दुसऱ्यांदा माझ्याकडे न बघता.

डोलकाठी शेडमध्ये मावत नाही. आडवी पडलीय घोड्यांवर,
टोक भिंतीच्या भोकातून शेजारी.
संध्याकाळी बटण दाबलं.
नांगर टाकलेल्या होडीचा दिवा, चहूबाजूंनी दिसायचा,
लागला फरशीवाल्यांच्यात, पांढऱ्या धुळीत.
गुंडिबा ओरडला,
ओ ताई, तुमचा बल्ब आमच्यात आलाय!

एकच तार मेन स्विचच्या अलीकडून काढली,
थेट बॅटरीवरून, वीतभरावर फ्यूज देऊन.
तळातल्या पंपाची.
सगळं बंद करून माणूस किनाऱ्यावर झोपायला गेला
तरी त्याने जागं राहायचं.

निगुडकरांनी बोअरचं पाणी आणलं, बादलीभर,
आणि स्वतःच्या होडीत स्वतः ओतलं.
तळातला स्विच तरंगत वर आला.
कोणी न सांगता पंप गुरगुरला
आणि कुशीतल्या भोकातून धार पडली
धायरीच्या कोरड्या कोब्यावर.

अजून एक ओतू का, म्हणाले.
पायजमा गुडघ्यापर्यंत भिजला होता.
ओता, म्हणाले मी.